सुट्टीतलं पाणी

माझ्या मुलीच्या वाट्याला ६ ऑगस्ट आला तो जानकेनमध्ये हरल्यामुळे.

जानकेन म्हणजे दगड, कागद, कात्री. जपानी प्राथमिक शाळेत निम्मे निवाडे याच कोर्टात होतात. जेवणातलं उरलेलं पुडिंग कुणी खायचं, कुठल्या समितीत कुणी जायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत झाडांना पाणी घालायला कुठल्या दिवशी कुणी यायचं. रेवा पाचवीत आहे. पाचवीपासून प्रत्येक मुलाला शाळेच्या एखाद्या समितीत काम करावं लागतं. तिला दुपारी माइकवरून गाणी लावणारी प्रसारण समिती हवी होती. तिथे ती जानकेन हरली आणि बाग समितीत आली. मग सुट्टीतल्या पाळ्या वाटताना पुन्हा हरली. ६ तारीख कुणाला नको होती, पण त्याचं कारण इतिहास नव्हे. त्या आठवड्यात शाळेचा पोहण्याचा तलाव बंद असणार होता, म्हणजे पाणी घालून झाल्यावर डुंबायला मिळणार नव्हतं.

आम्ही टोकियोच्या पूर्वेला, निशी-कासाईत राहतो. इथे भारतीय खूप, त्यात मराठीही पुष्कळ. गणपतीला मोदकाची पिठी मागायला दार वाजवावं इतक्या जवळ. शाळा मात्र साधी सरकारी जपानी. पहिलीत शिरल्याबरोबर हातात एक निळी कुंडी मिळते, तिच्यात गारवेलीच्या जातीतली एक वेल लावायची. जुलैत ती कुंडी घरी आणायची असते आणि ती आणायला आईबाप लागतात. भर उन्हात, एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने ओल्या मातीचं ते ओझं सांभाळत आलेली आई पाहिली की समजावं, हिचं मूल पहिलीत आहे. दुसरीत टोमॅटो आणि भेंडी. अशी शिडी चढत मूल पाचवीत येतं, तेव्हा त्याच्या हाती स्वतःचं नसलेलं झाड येतं.

रेवाच्या शाळेत व्यायामशाळेच्या मागे, सायकली लावतात तिथे, एक आओगिरी आहे. पाच बोटं पसरलेल्या तळव्यासारखी मोठी पानं, आणि खोड हिरवं. खरोखर हिरवं, कोवळ्या काकडीसारखं. उंची रेवाच्या दीडपट. बुंध्याशी पाटी: हिबाकु आओगिरी, निसेइ. हिबाकु म्हणजे बॉम्बचा मार सोसलेला. निसेइ म्हणजे दुसरी पिढी.

हिची आई हिरोशिमात आहे.

६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. बॉम्ब शहराच्या वर साधारण सहाशे मीटरवर फुटला. त्या बिंदूच्या थेट खाली जमिनीचं तापमान तीन ते चार हजार अंशांवर गेलं. तिथून १.३ किलोमीटरवर टपाल आणि तारखात्याचं मोठं कार्यालय होतं आणि त्याच्या अंगणात आओगिरीची काही झाडं होती. झाडं आणि स्फोट यांच्यामध्ये आडोसा म्हणून काही नव्हतं. पानं, फांद्या गेल्या, स्फोटाकडची खोडाची बाजू जळून पोकळ झाली. पुढल्या वसंतात त्या खोडाला पालवी फुटली. १९७३ मध्ये ती झाडं शांती उद्यानात आणून लावली. जळलेल्या जखमेच्या दोन्ही कडांनी साल वाढत आली आहे, थंडीत शालीची दोन टोकं छातीवर ओढून धरावीत तशी. तिच्या बियांची रोपं अनेक वर्षांपासून जपानभरच्या शाळांत जातात.

अशी झाडं हिरोशिमात एकच नाही. स्फोटाच्या केंद्रापासून दोन किलोमीटरच्या आत वाचलेली सुमारे १६० झाडं महापालिकेने नोंदवली आहेत. त्यांना हिबाकुजुमोकु म्हणतात. सर्वांत जवळची एक विलो, केंद्रापासून ३७० मीटरवर. खोड गेलं, मुळांतून पुन्हा कोंब आले. होसेन्बो नावाच्या देवळातली गिंको तर अशी की पुढे देऊळ नव्याने बांधायची वेळ आली तेव्हा तिला हात लावायचा नाही असं ठरलं. आता देवळाच्या पायऱ्या तिच्या दोन बाजूंनी वळसा घेऊन चढतात. झाडाला वाट करून देणारं देऊळ. आमच्याकडे पार बांधतात, पण पायऱ्या वाकवल्याचं मी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात, आई चिपळूणहून आली होती. तिला फुजी पर्वत, बुलेट ट्रेन आणि हिरोशिमा एवढं पाहायचं होतं, त्यातलं हिरोशिमा तिने स्वतः सांगितलं. ती निवृत्त शिक्षिका. सादाको सासाकीची गोष्ट तिने पंचवीस वर्षं वर्गात सांगितली आहे: दोन वर्षांची असताना बॉम्ब पडला, बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली, शेवटपर्यंत कागदाचे क्रौंच घडत राहिली. तिच्या वर्गमित्रांनी वर्गणी जमवायला सुरुवात केली आणि त्यातून १९५८ मध्ये उभं राहिलेलं मुलांचं स्मारक पाहिल्याशिवाय आईला चैन पडणार नव्हतं.

पण उद्यानात शिरल्यावर आई पहिल्यांदा थबकली ती कण्हेरीपाशी.

"अगं, ही इथे कशी?"

कण्हेर ही हिरोशिमा शहराचं अधिकृत फूल आहे. सगळं जळाल्यावर लवकर फुललेल्यांपैकी ती एक, म्हणून. शहराचं झाड कापराचं. दोन्ही मान त्यांना १९७३ मध्ये मिळाले. पुढे संग्रहालयात बॉम्बनंतर थोड्याच आठवड्यांत ढिगाऱ्यात उमललेल्या कर्दळीची आठवण निघाली. आईने बोटांवर मोजलं. कण्हेर, कर्दळ, कापूर. "म्हणजे आपल्याच परसातली गं सगळी." आमच्या घरी न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ आहे, कुंपणाला कण्हेर. कण्हेरीला कुणी जीव लावत नाही. गुरं तोंड लावत नाहीत, विषारी म्हणून. पाणी नाही दिलं तरी जगते, म्हणून आता महामार्गाच्या दुभाजकांवर तिला रांगेने उभी केलेली असते, दिवसभर ट्रकांचा धूर खात. जिच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही, ती आपल्या लक्षातही राहत नाही. हिरोशिमाने तिला शहराचं फूल केलं.

तेव्हा लोकांना असं काही फुलेल अशी आशाच नव्हती. बॉम्बनंतर दोन दिवसांत अमेरिकी वर्तमानपत्रांत एका शास्त्रज्ञाचं म्हणणं छापून आलं की या जमिनीवर सत्तर वर्षं काही जगणार नाही. ते त्याने लगेच मागे घेतलं, पण तोंडी गेलेला शब्द कोण मागे घेणार? हिरोशिमात तो फिरत फिरत पंच्याहत्तर वर्षांचा झाला. पंच्याहत्तर वर्षं गवताची काडी उगवणार नाही. अशा गावात उगवलेली पहिली हिरवी काडी लोकांनी कशी पाहिली असेल, ते मला चिपळूणच्या पुरावरून थोडंसं कळतं, आणि बरंचसं कळत नाही. त्याच सप्टेंबरात मोठं वादळ आलं, महापूर आला, हिरोशिमा प्रांतात आणखी दोन हजारांवर माणसं गेली. वाचलेल्यांनी तेही सोसलं.

झाडं जगली यात चमत्कार काही नाही. उष्णतेची लाट क्षणांची होती. वरचं करपलं, पण मातीखाली ती फार शिरली नाही. मुळं गार राहिली. काही जातींना खोडातल्या निद्रिस्त डोळ्यांतून पुन्हा फुटायची सवयच असते. कापूर, गिंको, विलो त्यातल्याच. उद्यानातून पुढे आम्ही जी झाडं पाहिली त्यांतली काही एका अंगाला झुकलेली होती. चिकारा होरिगुची नावाचे वृक्षवैद्य या झाडांची वर्षानुवर्षं देखभाल करत आले आहेत. त्यांचं निरीक्षण असं की बरीच झाडं स्फोटाच्या केंद्राकडे झुकतात. भाजलेली बाजू कमी वाढली, पलीकडची धड बाजू वाढत गेली, आणि झाड भाजलेल्या बाजूकडे कललं. लोक याचा अर्थ लावतात, झाडाची आठवण वगैरे. मला ते पटत नाही. पण ते खोड पाहताना माझा हात आपोआप माझ्या मानेकडे गेला एवढं खरं.

आओगिरीखाली आम्ही बराच वेळ बसलो. याच झाडाखाली बसून सुझुको नुमाता नावाच्या बाई शाळेच्या सहलींना गोष्ट सांगत. त्या २२ वर्षांच्या होत्या, त्याच टपाल कार्यालयात कामाला. बॉम्बमध्ये डावा पाय गेला. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो आघाडीवरून परत आलाच नाही. तो गेल्याची बातमीही उशिरा कळली. जगायचं कशाला, असं म्हणत असताना त्यांना त्या जळक्या खोडावरची पालवी दिसली. इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे सांगतात. प्रत्येक शाळेच्या पत्रकात ती असते. मलाही ती इतक्या वेळा ऐकायला मिळाली की तिची धार गेली होती.

त्यानंतरचं कमी सांगतात. नुमाता शिक्षिका झाल्या आणि कित्येक वर्षं त्यांनी यातलं फारसं कुणाला सांगितलं नाही. बोलायला लागल्या त्या निवृत्तीनंतर. आणि बोलता बोलता त्यांना दुसरी एक गोष्ट ऐकावी लागली, की आशियातल्या कितीतरी देशांत हिरोशिमावर बॉम्ब पडल्याचं ऐकून लोकांना हायसं वाटलं होतं. कारण हिरोशिमा म्हणजे लष्कराचं शहर. इथल्या पलटणी इथल्याच बंदरातून निघाल्या आणि १९४२ मध्ये मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, त्यांनी गावंच्या गावं कापली. नुमाता कृत्रिम पाय लावून मलेशियात गेल्या, त्या गावांतल्या वाचलेल्या माणसांना भेटल्या, माफी मागितली. त्या २०११ मध्ये वारल्या. मला त्यांच्या पालवीपेक्षा हा प्रवास मोठा वाटतो. पालवी झाडाला फुटतेच. माणसाला अशी फुटावी यासाठी तिकीट काढून जावं लागतं.

तेवढ्यात आईने जमिनीवरून काहीतरी उचललं. वाळका, होडीसारखा, पानाइतका पातळ पापुद्रा आणि त्याच्या कडेला चिकटलेले वाटाण्याएवढे सुरकुतलेले दाणे. तिने तो उलटासुलटा केला.

"ही कौशी आहे."

"आई, ही आओगिरी आहे. जपानी."

"नाव काहीही असू दे. शेंग कौशीची आहे."

आणि ती बरोबर होती. सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेल्या फांद्यांवर शेंदरी फुलांनी पेटणारी कौशी आणि ही आओगिरी एकाच कुळातल्या, एकाच प्रजातीगटातल्या. चुलत बहिणी म्हणा. कुंभार्ली घाटातून जाताना आई दरवर्षी गाडी थांबवायला लावते त्या झाडासाठी. आता तिच्या यादीत चौथा क आला. मी तिला सांगितलं, युद्धाच्या काळात कॉफी मिळेना तेव्हा जपानी लोक हे दाणे भाजून दळून प्यायचे. "चिंचोक्यांसारखं," ती म्हणाली. एवढ्यात तिने त्यातला एक दाणा रुमालाच्या टोकात बांधलासुद्धा होता. परत निघताना विमानतळावर बिया नेता येत नाहीत हे मी तीनदा बजावलं. निघायच्या आदल्या रात्री तिने ती गाठ सोडली आणि दाणा माझ्या स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकला. तो अजून तिथेच आहे. बाहेर बिया पाठवायच्या तर त्याची रीत आहे. २०११ पासून ग्रीन लेगसी हिरोशिमा नावाचं एक काम चालतं. ते या झाडांच्या बिया रीतसर गोळा करून तीसहून अधिक देशांतल्या शाळांना, वनस्पती उद्यानांना पाठवतात. रुमालातून नव्हे.

आता अळ्यांची गोष्ट.

यंदाच्या जूनमध्ये रेवा घरी आली ती चेहरा पाडून. शाळेच्या आओगिरीची पानं विडीसारखी वळलेली होती आणि प्रत्येक विडीत एक हिरवी अळी. फोटो पाहून माझा नवरा खुर्चीतून उठलाच. तो यवतमाळचा; आयुष्य संगणकापुढे गेलं तरी बाप कापूसवाला. "हे तं आमच्या पऱ्हाटीवरची. पानं गुंडाळणारी अळी. भेंडीवर पण येते." बरोबर तीच निघाली. विदर्भातल्या कपाशीची वैरीण टोकियोत शांततेच्या झाडावर.

बाग समितीची बैठक भरली. औषध फवारावं, असं एकाने सुचवलं. शांततेच्या झाडावर विष कसं मारायचं, असं दुसरीने विचारलं. एक जण म्हणाला, अळीला पण जीव आहे. दुसरा म्हणाला, झाड मेलं तर हिरोशिमाला काय सांगायचं? सेन्सेई गप्प. इथल्या शिक्षकांची ही गप्प राहण्याची कला मला आधी आळस वाटायची. शेवटी ठरलं, अळ्या चॉपस्टिकने एकेक उचलायच्या आणि लांब नेऊन सोडायच्या. शाळेच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणाच्या जास्वंदीसारख्या झुडपांवर.

ती झुडपं दुसरीच्या मुलांच्या भेंडीला लागून होती.

दहा दिवसांनी दुसरीच्या भेंडीची पानं विडीसारखी वळली. दुसरीची मुलं रडली. कुणीतरी पाचवीच्या मुलांना अळ्या सोडताना पाहिलं होतं. प्रकरण दोन वर्गांच्या सेन्सेईंपर्यंत गेलं, पाचवीच्या नऊ मुलांनी ओळीत उभं राहून कमरेतून वाकून माफी मागितली, आणि दुसरीच्या एका मुलाने माफी स्वीकारायला नकार दिला. त्याची भेंडी सगळ्यांत मोठी होती म्हणे. पाचवीच्या मुलांनी मग रोज मधल्या सुट्टीत आधी दुसरीची भेंडी निवडून द्यायची आणि मग आपलं झाड पाहायचं, असा तह झाला. मी हसत होते, रेवा हसत नव्हती.

"आई, अळ्यांना कुठेतरी जावं लागणारच ना," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, तिथे कोणाचं काही नाहीये."

त्याच काळात मी एकदा तिला घ्यायला गेले तेव्हा शाळेच्या बागेत मदतीला येणाऱ्या एक आजी भेटल्या. पंच्याहत्तरीच्या आसपास, हातात कायम हातमोजे. आम्ही झाडाच्या पाटीजवळ उभ्या होतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की केवढी मोठी गोष्ट आहे, या मुलांना असं झाड मिळालं. त्या पाटीकडे पाहत म्हणाल्या, "तिथे लिहिलंय ना, निसेइ. मीही तीच."

त्यांची आई हिरोशिमात होती. या जन्मल्या बॉम्बनंतर पाच वर्षांनी. लग्न ठरताना आईने बजावलं होतं, जन्मगाव विचारलं तर शेजारच्या प्रांताचं नाव सांग. नवऱ्याला त्यांनी सांगितलं ते दोन मुलं धडधाकट झाल्यावर. सासूला शेवटपर्यंत नाही. वाचलेल्यांच्या मुलांवर दशकानुदशकं अभ्यास झाले आहेत, बापाच्या किंवा आईच्या अंगावर पडलेल्या किरणांचा आनुवंशिक दोष त्यांच्यात दिसून आलेला नाही. पण लग्नाच्या बैठकीत अभ्यास कोण वाचतं? नोकरीत, लग्नात, या माणसांना आणि त्यांच्या मुलांना लोकांनी लांब ठेवलं. शब्द तोच, हिबाकु निसेइ. झाडाला लावला की पाटी होते, रिबीन कापतात, मुलं गाणं म्हणतात. माणसाला लावला की स्थळ मोडतं.

मी एवढं सगळं मनात जुळवत असताना त्या हातमोजे झटकत हसल्या. "झाडाचं लग्न जमवायचं नसतं ना," म्हणाल्या आणि नळ बंद करायला गेल्या.

मला आमच्याकडच्या बैठका आठवल्या. कुणाच्या घराण्यात कोड आहे का, हे दबक्या आवाजात विचारणाऱ्या आत्या आणि मावश्या. आमच्याच नात्यातल्या एका मुलीच्या पाठीवरचा पांढरा डाग लपवायला वर्षभर लांब बाह्यांचे, बंद गळ्याचे ब्लाउज शिवले होते. कोड संसर्गाने पसरत नाही हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हापासून मी त्या पाटीकडे पूर्वीसारखी पाहू शकत नाही. झाडावर प्रेम करणं सोपं आहे. झाड काही मागत नाही, भरपाई नाही, औषधाचा खर्च नाही, आपल्या कुटुंबात जागा नाही. वाचलेल्या माणसांची संघटना, निहोन हिदान्क्यो, हे सगळं मागत १९५६ पासून उभी आहे. आम्ही हिरोशिमात होतो त्याच्या थोडेच दिवस आधी तिला शांततेचं नोबेल जाहीर झालं होतं. २०२५ च्या मार्चअखेर ही माणसं पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली, सरासरी वय ८६ च्या वर. थोड्याच वर्षांत झाडं उरतील आणि सांगणारं कुणी नसेल, म्हणून झाडं वाढवा असं सगळे म्हणतात. खरं आहे. पण झाड सांगत नाही हेही खरं आहे. वॉशिंग्टनला एक पाइनचं बोन्साय आहे, १६२५ पासून जोपासलेलं. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने ते १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिलं. बॉम्ब पडला तेव्हा ते त्यांच्या घराच्या भिंतीआड होतं, हे देताना ते बोललेच नाहीत. २००१ मध्ये यामाकींचे नातू ते झाड पाहायला आले तेव्हा तिथल्या लोकांना पहिल्यांदा कळलं. पंचवीस वर्षं रोज पाणी घातलं, आणि झाड काही बोललं नाही. नातवंडांना विमानाने यावं लागलं.

नागासाकीचं झाड वेगळं, काकीचं. मराठी कानाला हे नाव ऐकून हसू येतं, आईने तर विचारलंच, "कुणाची काकी?" काकी म्हणजे उत्तर भारतातून हिवाळ्यात येणारं ते नारिंगी फळ, ज्याला कुणी जपानी फळ म्हणतं, कुणी अमरफळ. ९ ऑगस्टला अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधून वाचलेलं एक काकीचं झाड मरणपंथाला लागलं होतं. १९९४ मध्ये मासायुकी एबिनुमा या वृक्षवैद्यांनी त्याच्यावर उपचार केले, त्याच्या बियांची रोपं केली आणि ती शाळकरी मुलांना देऊ लागले. तात्सुओ मियाजिमा या कलावंताने ते काम पुढे नेलं आणि १९९६ मध्ये टोकियोतल्या एका जुन्या शाळेत पहिलं रोप लागलं. जपानीत म्हण आहे: पीच आणि चेस्टनट तीन वर्षं, काकी आठ वर्षं. म्हणजे फळ धरायला. जपानी प्राथमिक शाळा सहा वर्षांची. काकी लावणारं कुठलंही मूल त्या शाळेत असेपर्यंत तिचं फळ खाऊ शकत नाही. अगदी पहिलीत लावलं तरी.

हे मला फार आवडलं. कुणी मुद्दाम ठरवलं असेल असं वाटत नाही.

हिरोशिमाहून परतताना गाडीत रेवाने विचारलं होतं, "आपल्याकडे आहे का तो बॉम्ब?" आपल्याकडे म्हणजे भारतात. तिच्या तोंडी 'आपल्याकडे' दोन देशांसाठी येतं, संदर्भाने ओळखावं लागतं. आई खिडकीबाहेर पाहू लागली. मी हो म्हणाले. १९७४ मध्ये पोखरणला पहिला स्फोट केला, त्यातलं प्लुटोनियम मुंबईच्या तुर्भ्याच्या अणुभट्टीतलं. आपल्या शेजारचं, चेंबूरच्या मामाकडून टेकडी दिसते तिथलं. १९९८ च्या मे महिन्यात पुन्हा पाच. मी तेव्हा चौदा वर्षांची. चौकात फटाके वाजले, कुणीतरी पेढ्यांची परात घेऊन दारोदार फिरलं. मीही खाल्ला. चव आठवत नाही, पण आनंद आठवतो, आणि तो खोटा नव्हता. त्याच देशाच्या संसदेत दर ६ ऑगस्टला अधिवेशन चालू असेल तर हिरोशिमासाठी सगळे उभे राहून मौन पाळतात. दोन्ही गोष्टी खऱ्या. रेवाला मी दोन्ही सांगितल्या, पेढ्यासकट. ती म्हणाली, "अच्छा," आणि खिडकीतून एकामागून एक येणारे बोगदे मोजत राहिली. मुलांना काय कळतं ते त्याच वेळी कळत नाही.

६ ऑगस्ट. बुधवार. सकाळी साडेसातला निघालो तरी ऊन चटचटत होतं. टीव्हीवर हिरोशिमाच्या समारंभाची तयारी चालू होती. मी बंद केला नाही, तसाच सोडून आले. शाळेच्या फाटकाशी पहारेकऱ्याने वही दिली. रेवाने टोपी घट्ट केली, निळी झारी भरली. सिकाडा किड्यांचा आवाज असा की बोलायचं तर कानाशी बोलावं लागावं. तिने आधी जाऊन दुसरीची भेंडी पाहिली. तह अजून चालू होता. मग आओगिरीकडे आली, पानं एकेक उलटून पाहिली, दोन विड्या सापडल्या, त्या तिने उलगडून बाटलीत टाकल्या. पुढे काय करणार ते मी विचारलं नाही.

फोन वाजला. आई. चिपळुणात पावणेपाच वाजत आले होते; ती चारलाच उठते. "टीव्ही लावलाय का गं? की तू तिथे आहेस?" मी कॅमेरा झाडाकडे वळवला. आईला ऊन्हामुळे नीट दिसेना. तिच्या बाजूने मात्र नुसता आवाज येत होता, पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचा. एवढा, की सिकाडांनाही तो झाकत होता. रेवा झारी ओतता ओतता थांबली आणि फोनजवळ कान आणून ऐकत राहिली. आजी काही बोलत नव्हती, आम्हीही नाही. शहरात कुठेच भोंगा वाजला नाही. हे टोकियो आहे. माझ्या घड्याळात आठ वाजून सोळा मिनिटं झाली तेव्हा कळलं की सव्वाआठ होऊन गेले.

रेवाने पाच झाऱ्या घातल्या. मग पट्टीच्या काठीने उंची मोजली आणि वही उघडली. तारीख. उंची. पाणी, किती झाऱ्या. किडे, किती. हवामानाच्या चौकोनात तिने आधी लिहिलं, ऊन. पेन्सिल थोडी फिरवली. मग त्याच चौकोनात दाटीवाटीने, मराठीत: चिपळूणला पाऊस.